वळणावरचा ओटा

मावसभावाने टेप लावला, पुन्हा लावला, मग फळी उलटी करून तिसऱ्यांदा लावला. “दादा, फसवलं आपल्याला. दहा म्हणून घेतलंय आणि सव्वानऊच भरतंय.” जाडीही दोन इंच नव्हती, दीडच होती.

तो शिकागोच्या एका उपनगरात राहतो. घर उतारावर असल्यामुळे स्वयंपाकघराचं मागचं दार अंगणापासून आठ फूट नऊ इंच उंच आहे. जुना लाकडी जिना कुजला होता, तो काढून नवा करायचा होता. सरळ एका दमात खाली न उतरता मध्ये काटकोनात वळायचं आणि वळणावर सहा बाय सहा फुटांचं लँडिंग ठेवायचं, असं त्याने ठरवलं होतं. तिथे तुळस ठेवायची, एक खुर्ची टाकायची. मला तो लँडिंग शब्द बोलताना चालतो, पण लिहिताना ओटा जास्त बरा वाटतो. चार खांबांवर उचललेला, हवेतला ओटा.

फसवणूक कुणी केली नव्हती. अमेरिकेत ‘टू बाय टेन’ हे लाकडाचं नाव आहे, माप नव्हे. ओलं लाकूड करवतीखाली जातं तेव्हा ते साधारण दोन बाय दहा असतं. वाळताना आकसतं, मग चारही बाजूंनी रंधा फिरतो आणि हातात येतं ते दीड बाय सव्वानऊ. पूर्वी प्रत्येक भागातल्या गिरण्यांचा हिशेब वेगळा होता. १९२४ मध्ये पहिलं राष्ट्रीय मानक आलं, त्यानंतरही फळ्या टप्प्याटप्प्याने बारीक होत गेल्या आणि १९७० च्या मानकात दीड इंच जाडी कायम झाली. लक्षात ठेवायला सोपं आहे: रुंदीत सहापर्यंत अर्धा इंच जातो, आठपासून पुढे पाऊण. म्हणजे टू बाय सिक्स साडेपाच, टू बाय एट सव्वासात, टू बाय टेन सव्वानऊ, टू बाय ट्वेल्व्ह सव्वाअकरा. चौकोनी खांबांचंही तेच, फोर बाय फोर साडेतीन इंचांचा आणि सिक्स बाय सिक्स साडेपाच इंचांचा. हिशेब करताना कायम हेच आकडे घ्यायचे. नावावर भरवसा ठेवून चित्र काढलं, की पहिल्याच सांध्याला पाऊण इंच कमी पडतो.

परदेशातली रचना असली तरी तिला लागणारे शब्द आपल्या वाड्यांत तयार आहेत. जुन्या वाड्याचा कडीपाट आठवा: खांबावर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर पाट. खांबाखाली दगडी तळखडा. ओट्याची रचना अगदी तीच, फक्त सागाऐवजी औषध भरलेलं पाइन आणि कुसाऐवजी जस्त चढवलेले पत्र्याचे कोन आणि बोल्ट.

आधी जिना, मग ओटा. उलट क्रमाने गेलं की अडतं, कारण ओट्याची उंची पायऱ्या ठरवतात. अमेरिकेतल्या बहुतेक गावांचे नियम ज्या आदर्श निवासी संहितेवर बेतलेले असतात ती सांगते, की पायरीची उंची जास्तीत जास्त पावणेआठ इंच आणि पाय ठेवायची जागा कमीत कमी दहा इंच. आठ फूट नऊ इंच म्हणजे १०५ इंच. चौदा चढ केले तर प्रत्येक बरोबर साडेसात इंचांचा. सात चढ खाली, सात वर. ओटा जमिनीपासून साडेबावन्न इंचांवर.

साडेसात आणि दहा. यांचा कर्ण साडेबारा येतो. गवंडी भिंतीचा कोन तपासायला तीन-चार-पाचचा गुण्या लावतो, तोच त्रिकोण इथे अडीचपट होऊन बसला आहे. त्यामुळे पुढचा हिशेब तोंडी करता येतो. जिन्याच्या तिरक्या फळीत, म्हणजे स्ट्रिंगरमध्ये, पायरीसाठी जी त्रिकोणी खाच पडते तिची खोली साडेसात गुणिले दहा भागिले साडेबारा, बरोबर सहा इंच. टू बाय ट्वेल्व्हचे सव्वाअकरा इंच, त्यातून सहा गेले, उरले सव्वापाच. अमेरिकन वूड कौन्सिलच्या डेक बांधणीच्या मार्गदर्शिकेत निदान पाच इंच शिल्लक मागितले आहेत. म्हणजे सव्वाअकरा इंची फळी घेऊनही भार वाहायला हाती राहतात जेमतेम सव्वापाच. टू बाय टेनचा स्ट्रिंगर कापला असता तर सव्वातीन उरले असते. मावसभावाने तेच आणलं होतं. परत केलं.

खाचा पाडलेल्या स्ट्रिंगरने आडवं अंतर सहा फुटांपेक्षा जास्त ओलांडू नये, असंही ती मार्गदर्शिका म्हणते. आपल्या सात चढांना सहा पायऱ्या, म्हणजे पाच फूट. बसलं. मधला ओटा नसता तर तेरा पायऱ्या, जवळजवळ अकरा फूट, आणि मध्ये आधार द्यावाच लागला असता. वळणावरचा ओटा दम खाण्यासाठी असतो असं आपण समजतो. स्ट्रिंगरलाही तो तितकाच हवा असतो.

आता वजन. घराच्या डेकला आणि जिन्याला दर चौरस फुटाला ४० पौंड चालता भार धरतात, अधिक लाकडाचं स्वतःचं साधारण १० पौंड. चाळीस पौंड म्हणजे चौरस मीटरला १९५ किलो. आपल्याकडचं भारतीय मानक घरातल्या जिन्याला आणि बाल्कनीला साधारण ३०० किलो धरायला सांगतं, ते जास्त शहाणपणाचं आहे असं माझं मत. कारण मोजून पाहा: ३६ चौरस फुटांच्या ओट्यावर ४० पौंडांनी होतात १,४४० पौंड, म्हणजे ६५३ किलो. सत्तर किलोची नऊ माणसं. गणपतीच्या दिवशी सगळे नटूनथटून फोटोला उभे राहिले की सहा बाय सहात पंधरा जण सहज मावतात. लाकडात आणि नियमात राखीव ताकद असते म्हणून ओटा लगेच पडत नाही, पण ती राखीव ताकद कुजण्यासाठी आणि कारागिराच्या चुकांसाठी ठेवलेली असते. फोटोतच ती खर्च करणं बरं नव्हे.

ओट्याचा स्वतःचा सगळा भार १,८०० पौंड. खालच्या जिन्याचं वरचं टोक आणि वरच्या जिन्याचं खालचं टोक त्याच्यावरच टेकतं. प्रत्येक जिना चार फूट रुंद, पाच फूट लांब, म्हणजे वीस चौरस फूट. त्याचा अर्धा भार ५०० पौंड, दोन्हींचे मिळून हजार. एकूण २,८०० पौंड, पावणेतेराशे किलोच्या आसपास. खांब चार. सरासरी एकेका खांबावर सव्वातीनशे किलोसुद्धा नाहीत.

इथे बहुतेकांची गल्लत होते. एवढा हिशेब झाला की माणूस म्हणतो, मग फोर बाय फोरचा खांब पुरे. आणि निव्वळ दाबापुरतं बोलायचं तर तो पुरतोच. साडेचार फूट उंचीचा साडेतीन इंची खांब याच्या कितीतरी पट वजन डोक्यावर घेईल. कड्यांचंही तसंच. दक्षिणेकडच्या पिवळ्या पाइनची टू बाय सिक्स कडी, सोळा इंचांवर एक अशी टाकली, तर नऊ फुटांपर्यंत चालते. आपला गाळा सहा फुटांचा. कागदावर सगळं टू बाय सिक्स आणि फोर बाय फोरमध्ये उरकतं. तरीही मी कड्यांना टू बाय एट आणि खांबांना सिक्स बाय सिक्स सांगितलं. मावसभावाला वाटलं मी उगाच घाबरट आहे.

कड्यांचं कारण किरकोळ आहे, आधी ते. फळीची ताकद तिच्या उंचीच्या वर्गाने वाढते आणि ताठरपणा घनाने. साडेपाचवरून सव्वासातवर गेलं की लाकूड लागतं ३२ टक्के जास्त, ताकद मिळते ७४ टक्के जास्त आणि ताठरपणा सव्वादोन पटींहून अधिक. शाळेतली लाकडी पट्टी आडवी धरून वाकवा, मग उभी धरून वाकवा, तीच गोष्ट. पायाखाली फळी लवली की माणसाला मोडण्याच्या आधीच भीती वाटते, आणि भीती न वाटणं हाही बांधकामाचा भाग आहे.

खांबांचं कारण सांध्यात आहे आणि ते मात्र खरं अवघड. खालच्या जिन्याची सगळ्यात वरची पायरी ओट्याच्या पृष्ठभागापासून साडेसात इंच खाली. पायरीची फळी एक इंच जाड, म्हणजे स्ट्रिंगरचं डोकं साडेआठ इंच खाली सुरू होतं. ओट्याची वरची फळी एक इंच आणि तिच्याखाली टू बाय एटची कडेची कडी सव्वासात, मिळून सव्वाआठ. स्ट्रिंगर जिथे सुरू होतो त्याच्या दोन सूत, म्हणजे पाव इंच, आधीच कडी संपलेली. टेकायला काहीच नाही! टू बाय सिक्स असती तर दोन इंचांची भगदाडी फट पडली असती, टू बाय टेन घेतली तरी पावणेदोन इंचांचाच टेकू. कामावरची माणसं अशा वेळी प्लायवूडचा तुकडा किंवा पत्र्याची पट्टी खाली लोंबकळवतात, दहा खिळे मारतात आणि निघून जातात. पुढे जिना आणि ओटा यांच्यात फट पडत जाते ती इथूनच.

आम्ही तुळई त्या बाजूला घेतली. दोन टू बाय एट एकमेकांना जोडून केलेली तुळई, कड्यांच्या खाली, जिन्याच्या तोंडाशी. ती पृष्ठभागापासून सव्वाआठ इंचांवर सुरू होते आणि साडेपंधरावर संपते. सव्वापाच इंच शिल्लक राहिलेल्या स्ट्रिंगरचं उभं कापलेलं तोंड भरतं साधारण साडेसहा इंच: साडेआठपासून पंधरापर्यंत. नेमकं तुळईवर. चार स्ट्रिंगर, चार धातूचे हँगर. मावसभावाने खडूने रेघा मारल्या आणि पहिल्यांदाच काही न बोलता मान हलवली.

आणि आता ती तुळई खांबावर बसवायची. दोन फळ्या दीड-दीड इंचांच्या, मिळून तीन इंच. तुळई खांबाच्या बाजूला नुसती बोल्टने अडकवली तर सगळं वजन बोल्टवर लोंबतं. खांबाला खाच पाडून लाकडावर लाकूड बसवलं, तर बोल्ट फक्त जागेवर धरायचं काम करतात. फोर बाय फोरच्या साडेतीन इंचांतून तीन इंच कापले की उरतो अर्धा इंच. सिक्स बाय सिक्समधून कापले की उरतात अडीच. खांब जाड का, याचं उत्तर एवढंच आहे. तो वजनासाठी जाड नाही. तुळईला बसायला खुर्ची आणि खुर्चीला पाठ मिळावी म्हणून तो जाड आहे.

शिकागोमध्ये हे बोलताना २००३ चं नाव निघतंच. त्या शहरातल्या जुन्या दुमजली-तिमजली इमारतींच्या मागे लाकडी पोर्च आणि जिन्यांची एक उतरंड असते, बहुतेक वेळा करड्या रंगात रंगवलेली. ती घराची दुसरी वाट. आग लागली तर तिथून उतरायचं. प्रत्येक मजल्यावर एक ओटा, ओट्यावरून पुढचा जिना. उन्हाळ्यात लोक तिथेच बसतात, स्वयंपाक करतात, पाहुणे जमवतात. चाळीच्या गॅलरीत वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. २९ जून २००३ च्या मध्यरात्रीनंतर लिंकन पार्क भागातल्या एका तिमजली इमारतीत पार्टी चालू होती. तिसऱ्या मजल्यावरचा पोर्च सुटून दुसऱ्यावर आला, दोन्ही मिळून खालच्यावर. १३ तरुण मुलं-मुली गेली, पन्नासांहून अधिक जखमी झाली. तो पोर्च परवान्याशिवाय बांधलेला होता, मुभेपेक्षा मोठा होता आणि त्याचे आधार अपुरे होते, असं शहराच्या तपासणीत म्हटलं गेलं. गर्दी फार झाली, असाही युक्तिवाद झाला. मला तो कधीच पटला नाही. पोर्चवर गर्दी होणार नाही तर कुठे होणार? आज शिकागो शहर अशा पोर्चसाठी दर चौरस फुटाला १०० पौंड धरायला लावतं, इतर ठिकाणच्या अडीचपट.

कठडा हा वेगळाच प्रकार. ओटा तीस इंचांहून उंच असेल तर कठडा हवाच, निदान ३६ इंच उंच, आणि गजांमधून चार इंचांचा चेंडू जाता कामा नये, म्हणजे तान्ह्या मुलाचं डोकं. कठड्याच्या माथ्यावर कुणी २०० पौंडांचा रेटा दिला तरी तो टिकला पाहिजे. दोनशे पौंड ऐकायला फार नाहीत, एक धष्टपुष्ट माणूस अंगावर रेलला एवढंच. पण छत्तीस इंच उंचीचा खांब म्हणजे पहार, आणि पहारीचं दुसरं टोक दोन बोल्टांमधल्या काही इंचांत अडकलेलं. तिथे तो रेटा इतका वाढतो, की मार्गदर्शिका कठड्याच्या खांबाला १,८०० पौंड ओढ सोसणारा लोखंडी धरपट्टा लावायला सांगते. नऊपट. नुसते स्क्रू मारून उभा केलेला कठडा हलवून पाहिला तर घट्टच वाटतो, हा त्यातला धोका. तिथल्या खांबाला खाचही पाडायची नाही. खालच्या खांबाला खाच हवी, वरच्याला नको. कारण खाली लाकूड दाबलं जातं, वर वाकवलं जातं.

पाण्याबद्दल लिहायला बसलो तर वेगळं प्रकरण होईल. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात १६ जून २०१५ रोजी पाचव्या मजल्याची बाल्कनी खाली मोडून पडली आणि सहा जण मृत्यू पावले, बहुतेक आयर्लंडहून आलेले विद्यार्थी. भिंतीतून बाहेर काढलेल्या कड्या आत अडकलेल्या पाण्याने कुजून गेल्या होत्या; मापं कितीही बरोबर असली तरी भुसा भार घेत नाही. आमचा ओटा म्हणूनच घराला टेकवलेला नाही. चार स्वतःचे खांब आणि भिंतीपासून मोकळी फट, म्हणजे भिंतीत बोल्ट मारायला नकोत आणि तिथे पाणी मुरायला नको. फक्त वरचा जिना दाराच्या उंबऱ्याशी भिडतो, तिथे पत्र्याची झालर दिली. असा सुटा ओटा डुलतो, म्हणून खांब आणि तुळई यांच्यामध्ये पंचेचाळीस अंशांत तिरके टेकू. ते दिसायला बोजड दिसतात. राहू देत.

लाकडाच्या औषधाशी भारताचा संबंध आहे, तो तिथल्या दुकानात कुणाला माहीत नसतो. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण दाबाने लाकडात भरायची कृती डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतले सोंती कामेशम यांनी १९३३ मध्ये शोधली. ‘अॅस्क्यू’ हे तिचं व्यापारी नाव, आर्सेनिक आणि तांब्याच्या रासायनिक चिन्हांवरून आलेलं. अमेरिकेतल्या कित्येक अंगणांतलं हिरवट लाकूड अनेक दशकं याच कृतीचं होतं. आर्सेनिकच्या धास्तीने २००३ च्या अखेरीस घरगुती वापरासाठी ते थांबलं. नंतरच्या औषधांत तांबं जास्त आहे आणि ते साध्या खिळ्याला खातं, म्हणून खिळे, बोल्ट, हँगर सगळं गरम जस्तात बुडवलेलं किंवा स्टेनलेस लागतं. जुन्या जिन्याचे खिळे काढताना काही तर पक्कडीतच तुटले, कमरेत दोऱ्याएवढे उरलेले.

पायाचं काम दोन दिवसांत झालं. शिकागोकडे जमीन गोठते ती साधारण साडेतीन फुटांपर्यंत. मातीतलं पाणी गोठलं की फुगतं आणि वर बसलेला काँक्रीटचा ठोकळा उचलून टाकतं, म्हणून खड्डा ४२ इंच खोल. जांभ्यावर घरं बांधणाऱ्या आपल्या लोकांना खांब वर ढकलला जाईल ही भीती कळत नाही. काँक्रीटच्या माथ्यावर धातूचा पाय, त्यावर खांब, जेणेकरून लाकडाचं टोक ओल्यात उभं राहू नये. तळखडाच तो.

सगळं जमलं, आणि शेवटच्या शनिवारी मावसभावाला वाटलं, ओट्यावर एक इंची फळ्या किरकोळ दिसतात. त्याने मला न विचारता ओट्यापुरत्या दीड इंची टू बाय सिक्स टाकल्या. दिसायला खरंच भारदस्त. दोन्ही जिने आधीच पक्के झाले होते.

गावचा निरीक्षक आला. बोल्ट पाहिले, खाचा पाहिल्या, कठडा दोन्ही हातांनी हलवला, खूश झाला. मग खालच्या जिन्याने वर येताना शेवटच्या पायरीला त्याचा बूट किंचित अडला. त्याने थांबून खिशातून टेप काढला. खालच्या जिन्याचा शेवटचा चढ आठ इंच. वरच्या जिन्याचा पहिला चढ सात. एका जिन्यातल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात छोट्या चढात तीन सुतांचा फरक चालतो. इथे दोन्हीकडे चार सूत होता, शिवाय आठ इंच हे पावणेआठच्याही वर.

मावसभावाने फोनवर मला फळीच्या जाडीला टेप लावून दाखवला. “एका सुताने रे, दादा.” पुढच्या शनिवारी त्याने दीड इंची फळ्या उचकटल्या आणि एक इंचीवाल्या पुन्हा ठोकल्या. उरलेल्या टू बाय सिक्समधून तुळशीसाठी चौरंग झाला, तो जरा जड आहे.